पूर्वार्ध त्याचा, उत्तरार्ध माझा

४ डिसेंबर, गुरुवार

मिलिंदला दुपारी घरी आणलं. लिफ्ट चालू होती, हे आजचं भाग्य. उजवीकडचं त्याला कमी दिसतं, म्हणून दाराच्या चौकटीला खांदा लागला. चौकटीला ‘सॉरी’ म्हणाला.

बोलतो नीट. चालतो. चहा मागतो, आणि साखर कमी आहे म्हणतो. लिहितोसुद्धा: डिस्चार्जच्या कागदावर सही केली, अक्षर नेहमीसारखं तिरकं. फक्त वाचता येत नाही. स्वतः लिहिलेलंही नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्त अडकलं ती जागाच नेमकी वाचनाची. मराठी, इंग्रजी, आकडे, सगळ्यांना सारखा न्याय. थोडं परत येईल. किती, ते सांगता येत नाही.

झटका आला त्या दिवशी कंपनीच्या बसमधून तळवडे चौकात उतरला आणि मला फोन केला. "वसू, सगळे बोर्ड बदललेत गं. कुठल्या भाषेत लावलेत कळत नाही." मी म्हटलं, निवडणूक आली असेल.

टेबलावर ‘शेवटचं’ हे पुस्तक दोन तुकड्यांत पडलंय. पूर्वार्ध, म्हणजे पू., त्याच्या डब्याच्या पिशवीत सापडलं, उत्तरार्ध, उ., माझ्या उशीजवळ होतं. आज गुरुवार, म्हणजे अदलाबदलीचा दिवस. कुणी काही काढलं नाही.

उ. मी संपवलंय. त्यात मि.चं लाडकं पात्र, हॅमो, मरतो. मि.ला माहीत नाही. हॉस्पिटलात बोलायला लागल्यावर तिसरं की चौथं वाक्य हेच: "हॅमोचं सांगू नकोस. मी वाचणार आहे."

मला काय वाटतं ते लिहायला बसले होते. काही वाटत नाही. खिचडी टाकली.

६ डिसेंबर

विहारात जाऊन आले. दर वर्षी दोघं जातो. आज एकटीच.

येताना सगळ्या पाट्या वाचत आले. दुकानांच्या, रिक्षांच्या मागच्या, ‘येथे गाडी लावू नये’. वाचायचं नाही म्हटलं तरी वाचलं जातं. डोळे मिटल्याशिवाय थांबवता येत नाही. एवढ्या वर्षांत हे लक्षात आलं नव्हतं.

८ डिसेंबर, सोमवार

वाकडला रिद्धी मॅडमकडे. त्या मि.ला पुन्हा वाचायला शिकवणार. वय आमच्या लेकीएवढं, तन्वीएवढं, पण खुर्चीत बसल्या की मुख्याध्यापिका.

डोळ्याला अक्षर ओळखू येत नाही, पण बोटाला येतं, असं त्यांचं म्हणणं. बोट अक्षरावरून फिरवायचं. मि.ने गिरवलं. "क." मग "म". मग "ळ". तोवर क विसरलेला.

त्यांनी विचारलं, काय वाचायची आवड? मि. माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, ‘सात बंदरं’. परदेशी गाथा आहे, इंग्रजी, अंतराळातली. तीन सिनेमे आणि त्यांना लोंबकळणाऱ्या कादंबऱ्या नि कॉमिकं.

"अय्या, मी पहिला पिक्चर बघितलाय!"

आम्ही दोघं एकदमच: "पहिला सगळ्यात वाईट."

बऱ्याच दिवसांनी एकत्र काही बोललो.

मग आमच्या पद्धतीबद्दल सांगावं लागलं. मि.ची सुट्टी गुरुवारी, माझ्या शाळेची रविवारी. घरात पुस्तक एक आणि आधी हवं दोघांना. म्हणून मि. एकदा ते चिंचवडगावातल्या बाइंडरकडे घेऊन गेला आणि मधोमध कापून, दोन्ही तुकड्यांना पुठ्ठा लावून आणला. बाइंडरने विचारलं, "वाटणी झाली का भाऊ तुमची?" तेव्हापासून प्रत्येक पुस्तक कापतो. पू. आधी तो वाचतो, कारण पहिल्या ऑपरेशनआधी, म्हणजे कामाच्या पहिल्या टप्प्याआधी, दुसरं करता येत नाही, हा त्याच्या कंपनीतल्या लाइनवरचा नियम. उ. आधी मी, कारण संस्कृत नाटकांवर वाढलेल्या माणसाला शेवटाची धास्ती नसते. गुरुवारी संध्याकाळी अदलाबदल. तोवर आपापल्या अर्ध्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. फक्त रंग सांगायचा. मि. क्वालिटीला आहे, तिथे मालाला जी लेबलं लावतात तीच: हिरवा म्हणजे ओके, पिवळा म्हणजे रिवर्क, पुन्हा दुरुस्तीला, लाल म्हणजे स्क्रॅप, भंगार.

"म्हणजे तुम्ही शेवट आधी वाचता?" रिद्धी मॅडम.

"हो."

"मग मजा काय राहिली?"

मि. म्हणाला, "मॅडम, तुम्हीच समजवा हिला. मी थकलो."

‘शेवटचं’च्या पू.ला त्याने लाल दिला होता. मी उ.ला हिरवा. हॅमो मेला तरी प्रकरण चांगलं लिहिलंय, त्याला मी काय करू.

१२ डिसेंबर

नववी ‘अ’चे संस्कृतचे पेपर तपासून झाले. चतुर्थी विभक्ती अजून त्यांच्या घरात आलेली नाही, दारातच उभी आहे.

कपाट पुसायला काढलं. सगळी बंदरं जमिनीवर मांडली. मि. पलंगावरून बघत होता. पाठीवरच्या रंगांवरून प्रत्येक पुस्तक ओळखलं त्याने. वाचायची गरजच पडली नाही.

राखेचं पुस्तक: चौथं बंदर जळतं. लेखकाला राख फार प्रिय. पानोपानी राख. पण हॅमोची खरी ओळख इथेच होते. जहाजाचा मेकॅनिक, एका कानाने कमी ऐकणारा, बॉयलरशी गप्पा मारणारा, माणसांशी बेताचा. समासात मि.: ‘थर्ड शिफ्टला आमच्याकडे असे दोन आहेत. ओके.’

लग्नाचं पुस्तक: कॅप्टन वेलाचं लग्न. एवढं अंतराळातलं लग्न आणि जेवणाचं एक वर्णन नाही. समासात मी: ‘कु.’ म्हणजे कुतः, हे आलं कुठून.

निळं पुस्तक: सगळ्यांत उत्तम. काही घडत नाही. जहाज दुरुस्तीला उभं आहे आणि माणसं वाट बघतायत. इंटरनेटवरचे चाहते याला सगळ्यात टुकार म्हणतात. त्यांनी कधी गेटवर दुसऱ्या शिफ्टच्या माणसाची वाट बघितलेली नसावी.

वेलाच्या बालपणाचं: थोरांची बालपणं लिहू नयेत. सहाव्या वर्षीच सगळं कळलेलं असतं त्यांना.

पाककृतींचं: होय, तेही निघालं. मि.ने घेतलं. तिसऱ्या बंदराचं निळं सूप केलं. ते करडं झालं. त्याने पानावर ‘स्क्रॅप’ लिहून ठेवलं, पण प्यायला.

कॉमिकं हा मि.चा प्रांत. माझी मतं जुनीच आहेत. वेलाची हनुवटी दर अंकाला बदलते. आणि कॉमिकात कुणी मरत नाही. मेला म्हणतात, आणि पुढच्या अंकात खालच्या कोपऱ्यात बसून खोकत असतो.

हॅमोचंही तेच. तिसऱ्या सिनेमाच्या शेवटी हॅमो भट्टीघराकडे धावत जातो, दार बंद होतं, पडदा काळा. पुढे काय, यावर जगभर भांडणं. कॉमिकात तो भट्टीघराच्या राखेच्या नळीतून बाहेर पडतो आणि सहाव्या बंदरावर गॅरेज टाकतो. मि.ला हे मान्य. मला नाही. माझी वर्गवारी स्पष्ट आहे: सिनेमे श्रुती, कादंबऱ्या स्मृती, कॉमिकं पुराणं. पुराणाचं स्मृतीपुढे चालत नाही. गेल्या वर्षी गाथेच्या मालकांनीच जाहीर केलं की कॉमिकं यापुढे अधिकृत नाहीत, त्यातलं काही घडलंच नाही असं समजावं. मी पेढे आणले होते. मि. दोन दिवस बोलला नाही.

पेढे आणले होते, हे आज आठवलं.

बाबा कंपनीत फिटर होते. मला संस्कृत त्यांनीच घ्यायला लावलं. म्हणाले, जे आपल्याला ऐकूसुद्धा देत नव्हते ते आधी वाच. वाचलं. स्टाफरूममध्ये अजूनही नवा माणूस आला की माझं आडनाव आणि विषय यांचा मेळ घालत बसतो. आणि ती सगळी विद्या मी अंतराळातल्या एका मेकॅनिकवर खर्च केली. हे बाबांना कधी सांगितलं नाही.

१५ डिसेंबर

तन्वीने बंगलोरहून ‘शेवटच्या’चं ऑडिओबुक पाठवलं. "पप्पा, कानात घाला आणि झोपा." उत्तरार्ध जिथून सुरू होतो तिथून लावून दिलं.

पाच मिनिटांत हेडफोन काढून ठेवले.

"काय झालं?"

"हॅमोचा आवाज काढतो तो माणूस. आपला हॅमो असा बोलत नाही. हा क्लबात टाय लावून बसल्यासारखा बोलतो."

"सवय होईल."

"मला वाचायचंय, वसू."

मी हो म्हटलं. भाजी परतायला गेले.

१८ डिसेंबर, गुरुवार

लिंबाजी आला. मि.च्या लाइनवरचा, परभणीकडचा. केळी घेऊन आला, आणि मि.कडून नेलेली कॉमिकं परत द्यायला.

"काय राव मिलिंदभाऊ, लाइन सुनी पडली ओ तुमच्याबिगर. नवीन पोरगं आलंय क्वालिटीला, कशालाबी हिरवं लावतंय."

"असू दे. शिकेल."

"शिकंल तवर गिऱ्हाईक पळंल." मग माझ्याकडे वळून, "वैनी, ते शेवटचं पुस्तक वाचलं म्हनं तुमी. हामूभाऊ मरत नसतोय. मी लिहून देतो."

मी केळी उचलली. मि. म्हणाला, "कॉमिक रद्द झालंय, लिंबाजी."

"रद्द कोन करतंय? ह्ये काय, माज्या पिशवीत हाय की." आणि खरंच काढून टेबलावर ठेवलं.

मि. खूप हसला. मीही हसले असावे.

जाताना लिंबाजीने दारात हळूच विचारलं, "कधी येत्याल भाऊ?" कंपनीतून निरोप एवढाच आहे की ड्रॉइंग वाचता यायला हवं, मग बघू. मी त्याला तेच सांगितलं. तो चपला घालत बराच वेळ खाली बघत राहिला.

२२ डिसेंबर

मि. दुपारभर उ. घेऊन बसला होता. पहिलं पान, पहिली ओळ. बोट अक्षरावरून फिरवतो, अक्षर म्हणतो, पुढच्यावर जातो. ओठ हलतात. पहिलीतल्या मुलासारखं नाही, मुलं कंटाळतात. मोजमाप घेतल्यासारखं.

मी शाळेतून आले तेव्हा तीच ओळ चालू होती.

पुस्तक पालथं ठेवलं. "तू वाच."

"बरं."

"जसं आहे तसं वाचायचं. गाळायचं नाही, वाढवायचं नाही. मी आजारी आहे म्हणून काही सोपं करायचं नाही."

"मी कधी सोपं केलंय?"

"नववीला विचार," म्हणाला. "पण कबूल?"

कबूल म्हटलं.

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळची सुट्टी. गुरुवारी दोघंही घरी, हे लग्नानंतर क्वचितच.

अदलाबदल करायचीच, पण तोंडी, असं ठरलं. आधी त्याने मला पू. सांगायचं, मग मी त्याला उ. वाचायचं. मी पू. वाचलेलं नाही. त्याने सकाळी सुरू केलं ते जेवणानंतरही चालू. उत्तम सांगतो. वाचता येत नाही याचा मधे विसर पडला.

त्याच्या सांगण्यात हॅमो जवळजवळ प्रत्येक पानावर आहे. बाकीच्यांना फारशी जागा नाही. वेला एका प्रकरणात नुसती चहा पिऊन जाते. मला शंका आली. पू. समोरच होतं, पडताळून बघता आलं असतं. उघडलं नाही.

"मग यात लाल देण्यासारखं काय आहे?" मी विचारलं.

"आहे थोडं."

"काय?"

"तुझ्या अर्ध्यात कळेल."

३० डिसेंबर

रोज संध्याकाळी वाचतो. मी त्याच्या डाव्या हाताला बसते, तिकडून त्याला नीट दिसते. डोळ्यांनी इंग्रजी, तोंडाने मराठी. पहिल्या दिवशी अडखळले, आता सवय झाली. शाळेत श्लोक सांगताना हेच तर करते.

मधे मधे त्याचं चालूच.

"व्हॉल्व्हला झडप म्हणू नकोस गं. व्हॉल्व्ह म्हण."

"मराठीत झडपच म्हणतात."

"कुठे? आमच्या चाकणला ये आणि मागून दाखव झडप."

पाचव्या बंदराची लढाई आली. लढाया मला नेहमी कंटाळवाण्या वाटतात, सगळे एकाच श्वासात ओरडतात. मि. डोळे मिटून ऐकतो. अधूनमधून म्हणतो, "हां." शाळेतल्या मुलांनी असं एकदा ऐकलं असतं तर मी आणखी दहा वर्षं खुशाल शिकवलं असतं.

ते प्रकरण जवळ आलंय. मला पान माहीत आहे. माहीत असणं, यापलीकडे काही जाणवत नाही. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर ओठ आपला वाटत नाही, तसं.

४ जानेवारी, रविवार

आज ते प्रकरण.

हॅमो जिना उतरून भट्टीघराकडे जातो. व्हॉल्व्ह आतूनच बंद करावा लागणार असतो. दार लावून घेतो. दाराच्या या बाजूला कॅप्टन वेला. आतून तीन वेळा ठोकल्याचा आवाज येतो. ती तीनदा ठोकते. मग आतून काही येत नाही. तीन पानं नुसती ती दारापाशी बसून आहे. एकही विशेषण नाही. गाथेतलं सगळ्यांत चांगलं लिहिलेलं हेच.

तीन ठोक्यांपर्यंत जसं आहे तसं वाचलं. मि.ने चष्मा काढून हातात घेतला होता. चष्मा आता कशाला लागतो कोण जाणे.

मग माझ्या तोंडून निघालं की आतून चौथ्यांदा ठोकलं. पण दारावर नाही, वरच्या अंगाला. राखेच्या नळीत. वेलाने वर बघितलं. डेकवर पोचली तेव्हा नळीच्या तोंडातून आधी एक काळा हात आला, मग एक कान, मग हॅमो. म्हणाला, "व्हॉल्व्ह टाइट आहे."

कुठेही अडखळले नाही. पानही योग्य वेळी उलटलं. शिकवण्याचा अनुभव.

मि. म्हणाला, "हं."

"रंग?"

"सांगतो नंतर."

भांडी घासली. ओटा पुसला.

६ जानेवारी

प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसवलेलं, कसं ओळखावं, हे मी दहावीच्या हुशार मुलांना दर वर्षी सांगते. वृत्त तेच, पण शब्द जरा जास्त गुळगुळीत. आणि ज्याचा मागे कुठे पत्ता नाही असं काहीतरी वेळेवर उपटतं. माझ्या प्रक्षिप्तात दुसरा दोष नव्हता, अशी समजूत करून घेतली. नळी कॉमिकात आहे, जहाज तेच, भट्टीघर तेच. उचललं तेही पुराणातून. कॉमिकं रद्द झाली म्हणून पेढे वाटणारी मी.

कबूल केलं होतं, जसं आहे तसं.

का केलं? दया आली म्हणावं तर तसं काही आलेलं आठवत नाही.

आज रिद्धी मॅडमकडे त्याने दुधाच्या पिशवीवरचं ‘दूध’ वाचलं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मि. म्हणाला, "पिशवीवर अजून काय असणार, मॅडम?" त्याला टाळ्या आवडल्या नाहीत. गाडीत म्हणाला, "सगळे असे का बोलतात माझ्याशी? काचेचा असल्यासारखे." मी खिडकीबाहेर बघत होते. मेट्रोचे खांब मोजले नाहीत, नुसते बघितले.

उरलेली दोन प्रकरणं त्याने अजून मागितलेली नाहीत.

८ जानेवारी, गुरुवार

शाळेतून आले तर टेबलावर उ. आणि जुनी पेन्सिल. त्याने टोक करून ठेवलेली.

"रविवारचं पान काढ."

काढलं. त्याने पुस्तक आपल्याकडे ओढलं आणि समासात लिहिलं. उजवीकडचं दिसत नाही म्हणून अक्षरं थोडी छापील ओळींवर चढली. पण अक्षर तेच तिरकं. मग पुस्तक माझ्याकडे फिरवलं.

"काय लिहिलंय? वाच."

त्याला काय लिहिलंय ते माहीत होतं. फक्त वाचता येणार नव्हतं. मी ‘ओके’ म्हटलं असतं तर कागदावरून खोटं पाडू शकला नसता. पण तो कागदाकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"रिवर्क," मी म्हटलं.

"बरोबर."

चहाचं आधण उकळत होतं. मी उठून गॅस बंद केला, परत येऊन बसले.

"कसं कळलं? कॉमिकातलं आहे म्हणून?"

"छे. कॉमिकातलं ऐकून बरंच वाटलं." मग म्हणाला, "राखेची नळी वेल्ड केलीय, वसू. दुसऱ्या प्रकरणात. गळती होती म्हणून वेलाने बंद करायला सांगितली. हॅमोनेच केली, स्वतःच्या हाताने. पू.मध्ये आहे. तिथे वाचलं तेव्हाच मला वाटलं, आता हा जाणार. म्हणून लाल."

मी पू. वाचलेलंच नव्हतं.

"मग नाताळला सांगताना हे का गाळलंस?"

"तुला शेवट माहीत. नळीचं सांगितलं असतं तर तुझं तोंड बघून मला पक्कं कळलं असतं. तोंड वाचता येतं मला अजून." हसला थोडा. "पक्कं कळायला नको होतं. वाचायचं होतं."

"म्हणजे रविवारी मी सांगत होते तेव्हा तुला..."

"हात बाहेर आला तेव्हा म्हटलं, शास्त्रीणबाई घसरल्या. कान आला तेव्हा हसू आवरलं नाही. तू बघितलं नाहीस, तू पुस्तकात बघत होतीस. पुस्तकात काही नसताना."

मी पेन्सिल टेबलाच्या कडेला सरकवली.

"तू असं करायला लागलीस," तो म्हणाला, "तर मग मला वाचून दाखवणारं कुणी नाही."

रागाने नाही म्हणाला. चहात साखर कमी आहे म्हणतो तसंच. मग पुस्तकावर बोट आपटून, "माल रिवर्कला आलाय, मॅडम."

मी उद्या म्हटलं. आज जमलं नसतं. चहा पुन्हा टाकला, या वेळी साखर जास्त.

९ जानेवारी

जमलं नाही. प्रकरणाची सुरुवात काढून बसले, तोंड उघडलं, आवाज बरा निघाला. पण पहिल्याच ओळीत ‘जिना’ म्हणताना लक्षात आलं की मी पुन्हा पुढची तयारी करतेय. कुठला शब्द मऊ ठेवायचा याची. थांबले.

मि. म्हणाला, "राहू दे. दे इकडे."

पुस्तक घेऊन ठेवून दिलं. परत दिलं नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

संध्याकाळी मि. तेच प्रकरण काढून, डावीकडे दिवा घेऊन बसला. रिद्धी मॅडमनी ओळीखाली धरायला काळा पुठ्ठा दिलाय. तो आमच्याच जुन्या पू.ला लावलेल्या पुठ्ठ्यासारखा दिसतो.

"तू नुसती बस. अडलं तर सांग. अडलं नाही तर सांगायचं नाही."

बोट ठेवलं. "एच." बोट फिरलं. "ए." मला ओठ हलवायचे नव्हते, हलत होते. "एम. ओ." एवढ्यात एच विसरला. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी बोट थांबलं आणि मान वर झाली.

"हामूभाऊ," म्हणाला. "इंग्रजीत प्रकरण याच्या नावानेच सुरू होतं, सांगितलं नाहीस."

"अवाक्षर काढायचं नाही, असा नियम आहे."

"बरोबर आहे."

मधे चहा झाला. लिंबाजीचा फोन आला, मि.ने उचलला नाही, नंतर करतो म्हणाला. माझ्या मांडीवर दहावीचे पेपर होते, एकही तपासला नाही. त्याने एकदा ‘अडलं’ म्हटलं. मी शब्द सांगितला, जसा होता तसा. त्याने माझ्या तोंडाकडे बघून खात्री करून घेतली आणि पुढे गेला.

एक ओळ झाली. दुसरी अर्धी. पुठ्ठा बाजूला ठेवून त्याने डोळे चोळले.

"दारापर्यंत कधी पोचू गं असं?"

"उन्हाळा लागेल."

"घाई आहे का तुला?"

नाही म्हटलं. त्याने पेन्सिलीने थांबलेल्या शब्दाखाली बारीक रेघ ओढली आणि पुस्तक मिटलं.

हॅमो अजून जिन्यात आहे.